चार हंडे उजेड

आईची तक्रार असायची ती अण्णांच्या शर्टांची. दुकानातून घरी येताना शर्ट चांगला धडका असायचा. धुतला, पिळला, झटकून दोरीवर टाकला की पोटाशी बारीक बारीक भोकं, चाळणीसारखी. अ‍ॅसिडचा थेंब उडतो तेव्हा कापडावर काही दिसत नाही. त्यातलं पाणी वाळून जातं, अ‍ॅसिड मागं राहतं, दाट होत जातं आणि गुपचूप सुताला खात बसतं. धुण्यात हात लागला की ते सूत तुटतं. शेवटी आईनं दुकानासाठी म्हणून दोन टेरिलीनचे शर्ट शिवून घेतले. टेरिलीनला हे अ‍ॅसिड फारसं बाधत नाही.

दुकान कराडहून पाटणकडं जाणाऱ्या रस्त्याला होतं. तोच रस्ता पुढं कोयनानगर, हेळवाक करत कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जातो. पत्र्याची शेड आणि दारावर पाटी, ‘बॅटरी चार्जिंग व रिपेअरिंग’. ऊसतोड सुरू झाली की ट्रॅक्टर आणि ट्रकांच्या बॅटऱ्यांचा राबता असायचा. शनिवारची गर्दी मात्र वेगळी. डोंगरावरच्या ज्या वाड्यांत वीज पोचली नव्हती, तिथली माणसं सायकलच्या कॅरिअरला बॅटरी बांधून आणायची. कुणाच्या तरी ओसरीवर एक ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही असायचा आणि रविवारी सकाळी सगळी वाडी त्याच्यापुढं बसायची. "अण्णा, रात्रीत भरून ठेवा, पहाटं येतो," असं सांगून माणूस जायचा.

‘भरून ठेवा’ हे ऐकून ऐकून माझी समजूत अशी झाली होती की वीज बॅटरीत ओततात. घागर भरावी तशी. शाळा सुटली की मी दुकानातच असायचे, पाचवीत असेन तेव्हा. एकदा अण्णांना विचारलं, "भरलेली बॅटरी उतरलेलीपेक्षा किती जड असते?" अण्णा काही बोलले नाहीत. जुन्या बॅटऱ्यांचं शिसं वजनावर जायचं, त्यासाठी दुकानात एक तराजू टांगलेला होता. त्यांनी ट्रॅक्टरची एक बसलेली बॅटरी उचलून पारड्यात ठेवली, दुसऱ्या पारड्यात वजनं टाकून काटा मध्यावर आणला आणि ती वजनं बाजूला मोजून ठेवायला सांगितली. बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली. दुसऱ्या दिवशी शाळेला जायच्या आधी मला बोलावून तीच बॅटरी, तीच वजनं पुन्हा चढवली. काटा तसाच मध्यावर.

"मग रात्रभर भरलं काय?" मी विचारलं.

अण्णांनी हायड्रोमीटर काढला. काचेची जाड नळी, वर रबरी फुगा, आत रंगीत पट्ट्यांचा एक छोटा तरंगता काटा. बॅटरीचं बूच काढून त्यांनी नळीचं टोक आत सोडलं, फुगा दाबून सोडला. पाण्यासारखं दिसणारं अ‍ॅसिड नळीत चढलं आणि काटा उंच तरंगत राहिला. "बाराशे ऐंशी," अण्णा म्हणाले. मग शेजारच्या बसलेल्या बॅटरीत तेच केलं. तिथं काटा खोल बुडाला. "अकराशे चाळीस. बघितलंस? ह्यातलं अ‍ॅसिड पाण्यावर आलंय. अ‍ॅसिड गेलं कुठं? प्लेटांच्या अंगात. चार्जिंग केलं की प्लेटांतून परत पाण्यात. बाहेरून काही आलं नाही, बाहेर काही गेलं नाही."

दुकानात ह्याला ‘ग्रॅव्हिटी बघणं’ म्हणायचे. ती विशिष्ट घनता होती, हे मला पुढं आठवीत कळलं. आणि अण्णांनी सांगितलेलं सगळं बरोबर होतं, हेही तेव्हाच कळलं. गास्तों प्लान्ते नावाच्या फ्रेंच माणसानं १८५९ साली शिशाचे दोन पत्रे गुंडाळून सौम्य गंधकाम्लात ठेवले आणि पुन्हा पुन्हा चार्ज होणारा पहिला विद्युत घट तयार केला. अजूनही ट्रॅक्टरच्या बॅटरीत मूळचं तेच चालतं. एका बाजूला साधं शिसं, राखाडी. दुसऱ्या बाजूला शिशाचं डायऑक्साईड, चॉकलेटी. बॅटरी वापरली की दोन्ही प्लेटांवर एकच पांढरट शिशाचं सल्फेट चढतं आणि मधलं गंधकाम्ल पातळ होतं. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की संपलं. वीज मिळते ती त्या दोन प्लेटांमधल्या फरकातून. एका घटात साधारण दोन व्होल्ट, असे सहा ओळीनं जोडले की बारा.

अण्णा गिऱ्हाइकाला बजावायचे, "बॅटरीला उपाशी ठेवू नका." उतरलेली बॅटरी तशीच पडू दिली तर प्लेटांवरचं ते मऊ सल्फेट हळूहळू दगडासारखं कडक होतं. मग कितीही चार्जिंग करा, ते परत विरघळत नाही. गळीत हंगाम संपल्यावर ट्रॉली उभी करून ठेवणारे लोक पुढच्या दिवाळीत बॅटरी घेऊन यायचे. अण्णा बूच काढून आत बघायचे आणि मान हलवायचे. घरातला आजारी माणूस उशिरा दवाखान्यात आणल्यावर डॉक्टरांचा चेहरा होतो, तसा त्यांचा चेहरा व्हायचा.

आमचं मूळ गाव पाटण तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. तिथं आजी एकटी राहायची आणि तिचा सगळा भरवसा तिच्या बॅटरीवर. आमच्याकडं टॉर्चलाही बॅटरीच म्हणतात. पितळी, दोन सेलांची, पुढं काचेला भिंगासारखी कोर. गोठ्यात जायचं, पहाटे पाणवठ्यावर जायचं, साप-किरडू बघायचं, सगळं त्या एका बॅटरीवर. उजेड तांबूस पडायला लागला की आजी सेल काढून अंगणातल्या दगडावर उन्हात ठेवायची. पापड वाळत घालावेत तसे. संध्याकाळी ते आत घातले की बॅटरी पुन्हा दोन-तीन रात्री चालायची. थोरला चुलतभाऊ सेल दाढेखाली धरून चावायचा, त्यानंही फरक पडायचा.

कॉलेजात असताना मैत्रिणी ह्या गोष्टीला हसायच्या तेव्हा मला वाईट वाटायचं, कारण आजीचा उपाय खरा होता. सेल चालू असताना आतल्या कार्बनच्या कांडीभोवती हायड्रोजन जमतो आणि पुढच्या क्रियेची वाट अडवतो. तो शोषून घ्यायला आत मँगनीज डायऑक्साईड भरलेलं असतं, पण त्याचं काम संथ. सेलला विश्रांती दिली की ते मागं पडलेलं काम उरकतं. ऊब दिली की आणखी लवकर. चावल्यानं आतला मसाला कांडीला पुन्हा घट्ट भिडतो. उन्हात नवी शक्ती येत नव्हती, पण जी उरली होती ती हाताशी येत होती. हे आजीला कुणी शिकवलं नव्हतं. एकेका सेलाला पैसे पडतात, तो पुरा वापरल्याशिवाय टाकायचा नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि अगदी संपलेला सेलही वाया जात नसे. तो शाळेत जायचा. दर सहामाहीला आम्ही फळा काळा करायचो. मुलींनी भोपळ्याचा नाहीतर घेवड्याचा पाला आणायचा, मुलांनी जुने सेल. गुरुजी दगडानं सेल ठेचायचे. वरचा कागद निघाला की खाली पत्र्याचा डबा दिसायचा. तो जस्ताचा. नव्या सेलाचा डबा गुळगुळीत असतो, पण ह्या वापरलेल्या सेलांचा डबा आतून उंदरानं कुरतडल्यासारखा असायचा. काही ठिकाणी इतका पातळ की नखानं भोक पडावं, काही ठिकाणी भोक आधीच पडलेलं आणि तिथून चिकट पाणी बाहेर आलेलं. डब्याच्या आत पिठाच्या खळीचा पातळ थर, मग ओलसर काळा मसाला, मध्ये कार्बनची कांडी आणि तिच्या डोक्यावर पितळी टोपी. टोप्या मुलं खेळायला घ्यायची, कांडीनं भिंतीवर रेघा ओढायची. काळा मसाला आणि पाला एकत्र वाटून त्याचा लगदा फळ्यावर घासला की दुसऱ्या दिवशी फळा कुळकुळीत व्हायचा. कोपरापर्यंत हात काळे व्हायचे आणि ते आठवडाभर निघायचे नाहीत.

त्या कुरतडलेल्या डब्यात काय दिसत होतं, ते कळायला मला बरीच वर्षं लागली. डबा म्हणजे नुसतं भांडं नव्हतं. सेलाचं ऋणाग्र तोच आणि जळणही तोच. बॅटरीचं बटण पुढं सरकवलं की जस्ताचा एकेक अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून देतो आणि स्वतः खळीत विरघळतो. ते इलेक्ट्रॉन स्प्रिंगमधून, पितळी नळीतून, दिव्याच्या तारेतून जाऊन कार्बनच्या कांडीपाशी पोचतात. वाटेत तार तापते, लाल होते, पिवळी होते, तिचा उजेड पडतो. जस्त गेलं की उजेड गेला. हिशेबही मांडता येतो. टॉर्चचा साधा दिवा साधारण ०.३ अँपिअर ओढतो. एक ग्रॅम जस्त विरघळलं की तेवढी धारा सुमारे पावणेतीन तास मिळते. दोन सेल असतील तर प्रत्येकातलं एकेक ग्रॅम. आजी पहाटे पाणवठ्यावर जाऊन यायची तेवढ्या वेळात चिमूटभर जस्त झिजत होतं.

झिजणं हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. आपण म्हणतो, माणूस कुटुंबासाठी चंदनासारखा झिजला. शिकवताना मुलं विचारतात, "मॅडम, सेल वीज तयार करतो म्हणजे कशापासून?" तेव्हा मला पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा हाच शब्द जवळचा वाटतो. आधी काय झिजलं ते शोधा, मग वीज कुठून आली ते आपोआप सापडतं.

ह्या सेलाची मूळ कल्पना जॉर्ज लेक्लांशे ह्या फ्रेंच अभियंत्याची, १८६६ सालची. त्याचा घट काचेच्या बरणीत ओलाच होता. १८८६ साली जर्मनीत कार्ल गासनरनं तो सुका करून जस्ताच्या डब्यात बसवला. नावं परकी असली तरी आतला एकेक पदार्थ आमच्या ओळखीचा. ओल्या खळीत असतो तो नवसागर. गल्लीत कल्हईवाला यायचा, भाता ओढून पातेलं तापवायचा, नवसागराची चिमूट टाकायचा आणि पांढऱ्या धुराचा लोट उठायचा. तो वास ज्याच्या नाकात बसला आहे त्याला सेलाची अर्धी रसायनं माहीत आहेत. काळ्या मसाल्यातलं मँगनीज तर आपल्या भंडारा जिल्ह्यातलं. डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतून मँगनीज डायऑक्साईडचं जे खनिज निघतं, ते सुक्या सेलांच्या कारखान्यांना जात आलं आहे. वर्गात हे सांगितलं की मुलं नकाशात भंडारा शोधायला धावतात, आणि मला फार बरं वाटतं.

वीज नेमकी कशी निघते हे मला प्रयोगशाळेत नाही, द्राक्षाच्या बागेत समजलं. आजीचा धाकटा भाऊ, आमचा मामाआजोबा, सांगली जिल्ह्यात राहायचा आणि दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत औषध मारायच्या कामाला जायचा. तो तिथं कसा गेला ते पुढं सांगते. त्या औषधाचं नाव बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुना. दोन्ही वेगवेगळ्या पिंपात भिजवायचे, मग एकत्र करायचे. चुना कमी पडला तर मोकळं मोरचूद पानं जाळतं. म्हणून मामाआजोबा फवारणीआधी विळ्याचं पातं त्या निळ्या पाण्यात बुडवून धरायचा. पातं बाहेर काढून उन्हाकडं तिरकं करून बघायचा. पात्यावर तांबूस झाक आली की म्हणायचा, "अजून चुना टाका." तांबूस झाक म्हणजे खरोखरचं तांबं. लोखंडाचे अणू पाण्यात उतरतात, जाताना आपले इलेक्ट्रॉन मोरचुदातल्या तांब्याच्या हवाली करतात आणि तांबं पात्यावर बसतं.

विळ्याऐवजी जस्ताची पट्टी बुडवली तर हेच आणखी जोरात होतं, पाणी कोमट होतं. तिथं देवघेव आहे, पण वीज नाही. देणारा आणि घेणारा एकमेकांना चिकटलेले आहेत, त्यामुळं इलेक्ट्रॉन जागच्या जागी उडी मारतात आणि सगळी ऊर्जा उष्णता होऊन जाते. आता दोघांना वेगळं करा. जस्त एका भांड्यात, मोरचूद आणि तांब्याची पट्टी दुसऱ्यात, मध्ये बिनझिलईच्या मातीच्या भांड्यासारखी झिरपणारी भिंत. जस्ताला अजून द्यायचंच आहे, तांब्याला अजून घ्यायचंच आहे, पण आता त्या इलेक्ट्रॉनांना जायला एकच रस्ता उरला, बाहेरच्या तारेतून. त्या तारेत तुम्ही दिवा लावा, घंटा लावा, काहीही लावा. १८३६ साली लंडनमध्ये जॉन डॅनिएलनं हेच केलं आणि १.१ व्होल्टची स्थिर धारा मिळवली. युरोपातली तारायंत्रं पुढं ह्या जातीच्या घटांवर चालली. मला वाटतं, विजेबद्दल एकच गोष्ट कुणाला सांगायची असेल तर ही सांगावी: ज्यांची गाठ पडायचीच आहे त्यांना दूर ठेवून लांबच्या वाटेनं भेटायला लावायचं, त्या वाटेवर आपलं काम होतं.

ह्याच्याही आधीची कथा बेडकाच्या तंगडीची. बोलोन्यात लुईजी गाल्वानीला दिसलं की मेलेल्या बेडकाचा पाय दोन वेगळ्या धातूंना टेकला की आखडतो. १७९१ साली त्यानं मांडलं की वीज प्राण्याच्या शरीरात असते. पावियाच्या आलेस्सांद्रो व्होल्टाला ते पटेना. त्यानं स्वतःच्या जिभेवर दोन धातू ठेवून चव घेऊन बघितली. दाढेत चांदी भरलेली असेल आणि चॉकलेटच्या वेष्टनाचा चकाकता तुकडा चुकून तिच्याखाली आला तर जी झिणझिणी मेंदूपर्यंत जाते, ती हीच वीज. व्होल्टानं चांदी आणि जस्ताच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे, अशी चळत रचली आणि २० मार्च १८०० रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळवलं. जगाला पहिल्यांदाच अखंड वाहणारी वीज मिळाली. त्याच वर्षी लंडनमध्ये तिनं पाणी फोडून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे झाले, सात वर्षांनी हम्फ्री डेव्हीनं तिच्या जोरावर पोटॅशियम आणि सोडियम मोकळे केले. व्होल्टा धातूंबद्दल बरोबर होता. पण गाल्वानीही अगदी चुकला नव्हता. आपल्या नसा आणि हृदय विजेवरच चालतात. व्होल्टानं स्वतः आपल्या चळतीला ‘कृत्रिम विद्युत-अवयव’ म्हटलं, कारण झटका देणाऱ्या टॉर्पेडो माशाच्या अंगातल्या चकत्या त्याच्या डोळ्यांपुढं होत्या. दोघांच्या वादात मला दोघेही आवडतात.

आता आजीच्या माहेराबद्दल.

आजीचं माहेर कोयनेच्या काठी होतं. गावाचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण ते आता फक्त आमच्या घरात बोललं जातं. १९५६ च्या सुमाराला धरणाचं काम सुरू झालं आणि १९६० नंतर पाणी चढत गेलं. अण्णा दहा-बारा वर्षांचे असतील. आजोळच्या शेवटच्या फेरीचं त्यांना एकच आठवायचं. घराचे वासे आणि दारं काढून बैलगाडीत रचलेली होती, आणि उंबऱ्यावर हळदीकुंकू वाहिलेलं. गावं उठली आणि माणसं सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशी पांगली. भाताची सवय असलेली माणसं ज्वारीच्या रानात जाऊन पडली. मामाआजोबा त्यातलाच. निळ्या मोरचुदाच्या पिंपाशी उभा असलेला तो माणूस मुळात भातशेतीतला, चिखलणीतला.

कोयनेचं पाणी मुळात पूर्वेला जायचं. कराडला कृष्णेला मिळायचं आणि तिथून बंगालच्या उपसागराला. धरणानं ते अडवलं आणि सह्याद्रीच्या पोटातून बोगदा काढून पश्चिमेला, कोकणात सोडलं. डोंगराच्या आत, पोफळीला, जमिनीखाली यंत्रघर आहे. तिथवर पाणी सुमारे पावणेपाचशे मीटर खाली कोसळतं आणि चक्रांच्या वाट्यांवर आदळतं. चक्र फिरतं, त्याच्या दांड्यावर चुंबक फिरतो, भोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यांत वीज उपजते. मायकेल फॅरडेला १८३१ साली हे सापडलं होतं. चुंबक आणि वेटोळं एकमेकांपाशी नुसते ठेवून काही होत नाही, त्यातलं एक हललं पाहिजे. इथं जस्त विरघळत नाही, शिसं पांढरं पडत नाही. इथं उंची झिजते. वर साठलेलं पाणी खाली जातं, ते परत आपोआप वर येत नाही. पुढं ते वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. कृष्णा पाणीतंटा लवादानं ह्या वळवलेल्या पाण्यावर वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली, तेव्हा त्यात पूर्वेकडच्या शेतांचा वाटाही मोजला गेला होता.

पोफळीचं पहिलं यंत्र १९६२ साली फिरलं. सगळे टप्पे धरून कोयनेची क्षमता आज १९६० मेगावॉट आहे. राज्य तिच्यावर उभं राहिलं असं म्हणतात आणि ते खरं आहे. संध्याकाळी एकदम सगळीकडं दिवे लागतात, तेव्हा कोळशाच्या केंद्राला इतक्या झटकन वेग घेता येत नाही, पाण्याला येतो. मी ह्या धरणाच्या विरुद्ध नाही. पण आमच्या गावात वीज येईपर्यंत माझं कॉलेज संपलं होतं, आणि ज्या वाड्यांतून शनिवारी सायकलवर बॅटऱ्या यायच्या त्यातल्या काहींना धरणाचं पाणी अंगणातून दिसायचं. हे दोन्ही मला एकाच वेळी सांगायचं असतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा आजी अंगणात उभी राहून धरणाच्या दिशेनं बघत होती. ते फुटलं असतं तर माहेर पुन्हा उघडं पडलं असतं, असा विचार एका क्षणी मनात आला आणि त्याची फार लाज वाटली, असं तिनं मला एकदाच सांगितलं.

कोयनेच्या चाळीस वर्षं आधी मुळशीत हेच झालं होतं. तिथं सेनापती बापटांनी शेतकऱ्यांना घेऊन १९२१ पासून सत्याग्रह केला. धरण झालंच, आणि ती वीज मुंबईला गेली.

एक गोष्ट अण्णांना फार आवडायची. कुठल्याही मोठ्या वीजकेंद्रात, सबस्टेशनात एक बॅटरी-रूम असते. काचेच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या भांड्यांतले शिशाचे घट ओळीनं मांडलेले, दोन-दोन व्होल्टचे ५५ जोडले की ११० व्होल्ट. बाहेर सगळं बंद पडलं तरी बिघाड ओळखून वीज तोडणारे आतले रिले, ब्रेकर आणि धोक्याचे दिवे ह्या घटांवर चालतात. "एवढा डोंगराचा पाणलोट," अण्णा म्हणायचे, "पण अडचणीला आपलं शिसंच." त्यांचा चेहरा अशा वेळी उजळायचा.

त्या शिशानं त्यांचं काही बरं केलं नाही. म्हातारपणी त्यांचे हात थरथरायचे. डॉक्टर खात्रीनं काही बोलले नाहीत, मीही बोलत नाही. पण एस.टी. स्टँडच्या मागं एक जण जुन्या प्लेटा उघड्या भट्टीत वितळवायचा आणि त्या धुरात त्याची लहान पोरं खेळायची, ते आठवलं की माझ्या पोटात अजून गोळा येतो. लहान मुलाच्या मेंदूला शिसं किती घातक असतं, हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. मोबाइलच्या लिथियम बॅटरीबद्दल शिकवताना म्हणून मी काँगोतल्या कोबाल्टच्या खाणींबद्दलही बोलते. १९९१ साली बाजारात आलेली, २०१९ साली नोबेल मिळवून देणारी ही बॅटरी फार सुंदर वस्तू आहे. तिच्यात लिथियम दोन घरांमध्ये ये-जा करत राहतं, जस्तासारखं एकदाच खर्ची पडत नाही. पण तिच्यात लागणारं कोबाल्ट कुठून तरी, कुणाच्या तरी हातांनीच खणलं जातं. चंद्रपूरचा कोळसा, तारापूरचं युरेनियम, तिथली झीज उघड आहे. सौर पॅनेल दाखवून मुलं म्हणतात, "इथं तर काहीच झिजत नाही, मॅडम." मग मी वर बोट दाखवते. सूर्याचं वस्तुमान सेकंदाला सुमारे ४० लाख टनांनी कमी होतं. मुलं गप्प होतात, मग एखादं विचारतं, "मग संपेल कधी?" अजून काही अब्ज वर्षं तरी नाही, हे सांगितलं की वर्ग सुटकेचा श्वास टाकतो.

आजीच्या गावच्या घरात वीज आली तेव्हा ती सत्तरीच्या जवळ आली होती. पडवीत साठ वॉटचा एक बल्ब, आत एक. मी तेव्हा नुकतीच शिक्षिका झाले होते आणि सगळ्यांना सगळं समजावून सांगायची मला फार हौस होती. मे महिन्यात गावी गेले असताना रात्री पडवीत बसून मी तिला सांगितलं, तुझ्या माहेरावरचं पाणी डोंगरातून खाली पडतं आणि त्यातून हा दिवा लागतो. हजार लिटर पाणी पोफळीला पडलं की एका युनिटच्या जरा वर वीज होते. तेवढीच वीज अण्णांच्या दुकानातली एक मोठी बॅटरी पुरी भरली की तिच्यात असते. तुझ्या सेलांनी तेवढी काढायची तर दोनशेच्या आसपास सेल लागतील.

आजीला लिटर, युनिट कळत नव्हतं. तिनं विचारलं, "म्हंजी किती हंडं व्हत्यात गं?"

मी जमिनीवर खडूनं हिशेब मांडला. तिचा हंडा साधारण पंधरा लिटरचा. हा दिवा तासभर चालवायचा तर पन्नासेक लिटर. वाटेतली गळती धरून चार हंडे.

"एका तासाला चार हंडं?"

"हो."

आजी उठून पडवीच्या कडेला गेली. खालच्या अंगाला पाणवठ्याची वाट अंधारात दिसत नव्हती, पण ती तिकडंच बघत होती. त्या वाटेनं तिनं लग्न होऊन आल्यापासून पाणी वर आणलं होतं. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, उन्हाळ्यात दिवसाला दहा खेपा. चार हंडे म्हणजे तिची जवळपास अर्ध्या दिवसाची चढण. तिनं बराच वेळ काही म्हटलं नाही. मग आत जाऊन पितळी बॅटरी आणली, मांडीवर घेतली आणि मला म्हणाली, "बटन बंद कर. आपल्याला बोलायला उजेड कशाला लागतुय?"

मी दिवा मालवला. आम्ही अंधारात बसून बोलत राहिलो.

त्यानंतर ती असेपर्यंत गावच्या घरात कुणी दिवा चालू ठेवून बाहेर गेलं की आतून तिची हाक यायची, "कोन हाय ते? चार हंडं गेलं बघा."